तारीख पुढे ढकलली

मी नावाडी. सेयबा कारबेंता.
जोलिबाच्या फाट्यांतून, पाणी चढलेलं असताना,
साराकुंबाला मतपेटी पोचवायची ती मीच.
पेटी पारदर्शक. झाकणाला लाल सील, सीलवर आकडा.
आमाकेने गुरुजी तो आकडा वाटेत तीनदा वाचायचे,
पाणकोंबड्यांना, मला, आणि स्वतःला.

पेटी मांडीवर. ऊन लागू नये म्हणून वर छत्री.
"नव्या नवरीसारखी नेताय," मी म्हणायचो.
"नवरीला माहेर असतं, सेयबा," गुरुजी म्हणायचे,
"हिला कोण आहे?"

परवा रेडिओवर गणवेशातला माणूस बोलला.
आधीचा गणवेश गेला, हा दुसरा. आवाज तोच.
देश संकटात आहे, म्हणाला,
म्हणून तारीख पुढे ढकलली आहे.
तिसऱ्यांदा.

मी आयुष्यभर नाव ढकलत आलो.
ढकललेली नाव कुठंतरी लागते,
निदान गाळात तरी.
ढकललेली तारीख कुठल्या काठाला लागते
ते अजून कुणी दाखवलं नाही मला.

संकट नाही असं मी म्हणत नाही.
मागच्या मतदानानंतर आठव्या दिवशी मोटरसायकली आल्या,
एकेका गाडीवर दोघं, मागच्याच्या हातात बंदूक.
शाळेची बाकं त्यांनी अंगणात रचली.
चटकन पेटली. वर्षानुवर्षं पोरांनी बसून वाळवलेलं लाकूड.
मग त्यातला एक म्हणाला, बोटं दाखवा.
न्यामोयने बोट मासळीच्या आतड्यांत खुपसलं,
रक्ताखाली निळं दिसेना.
मी हात पाण्यात धरला, जाळं सोडवतोय असं दाखवून.
म्हाताऱ्या ओगोबाराने मात्र बोट वर केलं.
त्याला वाटलं, हजेरी घेताहेत.

आता आम्ही सेवारेच्या तंबूंत.
गुरुजींनी यादी आणली, भांडी नाही आणली.
दोनशे अकरा नावं.
रात्री टॉर्च दातांत धरून खुणा करतात:
बामाकोला गेला. सीमेपलीकडे. ठाऊक नाही.
ठाऊक नाही.
ओगोबाराच्या नावापुढे काहीच लिहीत नाहीत.
"खोडा ना," मी एकदा म्हणालो.
"मयताचं नाव खोडायला दाखला लागतो.
दाखला कचेरीत मिळतो.
कचेरी जळली."
मग आम्ही हसलो. हसू नये इतके हसलो,
शेजारच्या तंबूतलं मूल उठून रडायला लागलं.

आणि पेटी?
पेटीत न्यामोय सुकी मासळी ठेवते.
माशी शिरत नाही, उंदीर शिरत नाही,
किती उरली ते सगळ्यांना बाहेरून दिसतं,
म्हणून कुणी चोरत नाही.
राजधानीतून कुणीतरी येऊन हे बघून जावं.

आला होता एकजण, कागद घेऊन.
मतदान झालं तर कराल का?
कुठं? न्यामोयने विचारलं.
गावात.
गावात कोण आहे?
मग इथं.
इथल्या यादीत आम्ही कुठं आहोत?
तो जरा थांबला, पेन झटकलं,
आणि तिच्या रकान्यात लिहिलं: मत नाही.

पाणी उतरायला लागलंय.
अजून फार तर दोन महिने, मग साराकुंबाचा फाटा कोरडा,
तारीख मिळाली तरी नाव जायची नाही.
तारखा ठरवणारे नदीकडे बघत नसावेत.

मी नावेच्या फटींत चिंध्या ठोकतोय, वरून डांबर.
गुरुजी काठावर बसून आकडा म्हणताहेत,
सील तुटून चार वर्षं झाली तरी:
सात, शून्य, शून्य, चार, नऊ.
कशाला, ते मी विचारत नाही.
एवढंच सांगतो, गुरुजी, डांबर ओलं आहे,
हात लावू नका.
बोटाला लागलं की लवकर जात नाही.